उन्हाळेमामांच्या रेघा

आमच्या दुकानातल्या रंगमिस्त्रीला ‘वर्ष’ हा शब्द चालत नसे. लातुरात नांदेड रोडला माझं दुकान आहे. गाडीच्या रंगावर आम्ही सिरॅमिक कोटिंग करून देतो, म्हणजे काचेसारखा एक पातळ थर चढवतो. त्यावर पाणी पडलं की थेंब थेंब होऊन ओघळून जातं आणि धूळ फारशी धरत नाही. आत आलेलं गिऱ्हाईक चमक बघतं, बॉनेटवरून हात फिरवतं आणि पहिला प्रश्न एकच विचारतं, “टिकतं किती?” बोर्डावर ‘पाच वर्षं’ असं माझ्या हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत मागून, गाडीच्या चाकाजवळ उकिडवे बसलेले मामा बोलायचे, “दोन उन्हाळे. लई जपलं तर तीन.”

त्यावरून त्यांचं नाव उन्हाळेमामा पडलं. खरं आडनाव वाघमारे. पण उन्हाळे हे आडनावही आपल्याकडे असतंच, त्यामुळे नवं गिऱ्हाईक त्यांना फोनवर “उन्हाळे साहेब आहेत का?” असं विचारायचं. एका लग्नाची पत्रिका तर चक्क ‘श्री. उन्हाळे व परिवार’ अशी आली. मामांनी ती दोन-चारदा उलटसुलट केली आणि म्हणाले, “बघा मालक, कोटिंग केलं नावावर. खालचा रंग दिसंना झाला.” आणि त्या लग्नाला उन्हाळे म्हणूनच जाऊन जेवून आले.

मूळचे ते अहमदपूरचे. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात उमेदवारी केली, तिथंच मिस्त्री झाले. ट्रॅक्टर, जीप, ट्रकच्या मागच्या फळ्या, काय म्हणाल ते त्यांनी रंगवलं होतं. मी त्यांना ठेवलं ते त्यांच्या हातासाठी. बंद डोळ्यांनी पत्र्यावरून बोटं फिरवून ते सांगायचे की हा दरवाजा कंपनीच्या रंगाचा नाही, मागून मारलाय. मी स्वतः पुण्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलो होतो, भिंतीवर सर्टिफिकेट लावलं होतं. मी पहिल्या दिवशी कोटिंगची बाटली मामांच्या हातात दिली. करंगळीएवढी बाटली. त्यांनी ती उजेडात धरली. “ह्यात पाच वर्षं? एवढ्याशा बाटलीत?” म्हणाले. “आमच्याकडं आठ दिसाचं पानी ठेवायचं तर छपरावर हजार लिटरची टाकी लागती.”

मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, खूप यायचा. कंपनीनं पाच सांगितलं, म्हणून मी पाच सांगत होतो. सगळेच सांगतात. माझ्या पुढच्या चौकातला तर सात सांगायचा. मामांना मी कितीदा बाजूला घेऊन समजावलं की गिऱ्हाइकापुढे तोंड बंद ठेवा. ते मान हलवायचे. “बरं मालक. न्हाई बोलत.” आणि पुढचं गिऱ्हाईक आलं की विचारायचे, “गाडी कुठं उभी राहती?”

हा त्यांचा दुसरा प्रश्न, आणि खरं म्हणजे तोच पहिला. गाडी कोणती, किती किमतीची, रंग कोणता, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. उभी कुठं राहते? पत्र्याखाली, पोर्चमध्ये, की कडुलिंबाच्या झाडाखाली? लिंबाखाली म्हटलं की मामांचा चेहरा पडायचा. “मग कावळ्याला गॅरंटी कार्ड दाखवावं लागंल.” धुता कोणत्या पाण्यानं? बोअरच्या म्हटलं की एक उन्हाळा कमी. आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे निम्मा चुना. उन्हात धुतलेल्या गाडीवर ते वाळलं की पांढरे डाग बसतात आणि ते डाग हळूहळू थराला खातात. “पानी मारत न्हाई गाडीला,” मामा म्हणायचे, “वाळलेलं पानी मारतंय. धुवा आन् लगेच पुसा. एवढं एक केलं तर बाटलीवाला खरा ठरंल.” मीही आता हेच सांगतो, याच शब्दांत.

एकदा अर्धापूरचे एक बागाईतदार आले. नवी कोरी पांढरी गाडी, नंबरसुद्धा आला नव्हता. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं रंगात आलं होतं. मामा उठले, गाडीचं मागचं दार उघडून आत वाकून वास घेतला आणि विचारलं, “दादा, केळीचे घड ह्याच गाडीत नेता का?” ते म्हणाले, “कवा कवा.” “मग दाराला चीक लागतच असंल.” “लागतो की.” मामा शांतपणे म्हणाले, “तर तेवढ्या जागी एकच उन्हाळा धरा. केळीच्या चिकापुढं कुनाचं काय चालत न्हाई, तिथं आमचं कोटिंग कुठं लागलंय.” बागाईतदार माझ्याकडे वळले. आवाज चढला होता. “आन् बोर्डावर पाच लिहून राहिलाव ते?” मी काही बोलणार एवढ्यात मामा म्हणाले, “बोर्ड सावलीत हाय, दादा.”

 तो माणूस असा हसला की चहा सांडला. गाडी ठेवून गेला, पुढं भावाची पाठवली, मेव्हण्याची पाठवली. पण मी त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर मामांवर खूप तोंड टाकलं. म्हटलं, माझ्या दुकानात बसून माझंच दुकान बुडवून राहिलात तुम्ही. मामा हातातलं फडकं पिळत उभे राहिले. त्या मऊ फडक्यांना ते ‘मखमल’ म्हणायचे आणि ती स्वतः घरी नेऊन धुवायचे. “मालक,” म्हणाले, “पाच सांगितलं आन् दोनात गेलं, तर मानूस आपल्याला शिव्या देतंय. दोन सांगितलं आन् तीन टिकलं, तर मानूस आपल्याला दुवा देतंय. माल तर एकच हाय.” मी आणखी चिडलो.

आता रेघांबद्दल सांगायला हवं. पेट्रोल भरायचं जे झाकण असतं, त्याच्या आतल्या बाजूला मामा पिवळ्या रंगाच्या पेननं छोट्या उभ्या रेघा मारायचे. जेवढे उन्हाळे, तेवढ्या रेघा. हे त्यांचं गॅरंटी कार्ड. मृग लागला, उन्हाळा उतरला, की गिऱ्हाइकानं गाडी घेऊन यायचं, मामा तिच्यावर पाण्याचा मग ओतून बघायचे आणि एक रेघ आडवी खोडायचे. उन्हाळा पार पडल्याशिवाय रेघ खोडायची नाही, हा नियम. एकजण वैशाखातच आला आणि म्हणाला, एवीतेवी आलोच आहे तर खोडून टाका. मामांनी साफ नकार दिला. “अजून निघाला न्हाई, दादा. निघू तर द्या.” माझ्या गाडीला त्यांनी तीन रेघा मारल्या होत्या. कारण माझ्या घराला पोर्च आहे आणि, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, माझ्या बायकोचं पोछा मारणाऱ्यावर लक्ष असतं.

कधी कधी मुदतीच्या आधीच तक्रार यायची. पाण्याचे थेंब होत नाहीत, सगळं पसरतंय, तुमचं कोटिंग गेलं. मी कार्डावरची बारीक अक्षरं वाचायला घ्यायचो. मामा मात्र वाकून बघायचे, बोटानं चाचपायचे आणि म्हणायचे, “मेलं न्हाई. तोंड बुजलंय त्याचं.” धुळीचा, डांबराचा, क्षाराचा एक थर वर बसलेला असायचा. तो ते खास शाम्पूनं, हलक्या हातानं, सावलीत उतरवायचे. नंतर मग ओतला की पाणी परत थेंब थेंब पळायचं. गिऱ्हाईक खूश, मी खूश. मामा फडकं खांद्यावर टाकून निघून जायचे, जणू त्यात काही विशेष नव्हतं.

त्यांची बायको फार पूर्वी वारली होती. एकच मुलगी, सुजाता. नांदेडला नर्सिंगला होती, होस्टेलवर. बापाच्या सगळ्या बोलण्यात ती असायची. गाडीचा आरसा पुसता पुसता म्हणायचे, “सुजाता सांगत होती, हात धुवायचे बी सात प्रकार असतात.” ती सुट्टीला आली की दुकानात यायची, मला “काका, जयभीम” म्हणायची आणि बापाला रागवायची. मास्क का लावत नाही? आयुष्यभर यांनी तोंडाला नुसता रुमाल बांधून रंगाचा फवारा मारला होता. मी चांगले मास्क आणून ठेवले होते, ते खिळ्याला लटकलेले असायचे. मामा हसायचे. “आता लावून काय करू बाई? रंग तर आत बसला. आतून कोटिंग झालंय माझं.” ती हसायची नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघून म्हटलं होतं, “काका, तुम्ही तरी लक्ष ठेवा.” मी हो म्हटलं होतं.

दसऱ्यानंतर खोकला सुरू झाला. सुरुवातीला धुळीचा म्हणून आम्ही दोघांनीही सोडून दिलं. दिवाळीच्या गर्दीत गाड्यांवर गाड्या होत्या, मलाही ते दुखणं नकोच होतं. मग एक दिवस बॉनेट घासता घासता ते खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. फुफ्फुसाचे डॉक्टर, आमचेच गिऱ्हाईक. त्यांच्याही गाडीच्या झाकणात मामांच्या दोन रेघा होत्या. तपासण्या झाल्या, स्कॅन झालं, सुईनं तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी मामांना बाहेर बसवलं आणि मला आत ठेवलं. त्यांनी बरंच काही सांगितलं. पसरलंय, आता औषधं फक्त त्रास कमी करायला. मी विचारलं, किती? माझ्या तोंडातही तोच प्रश्न आला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाकिटात घातला. मग म्हणाले, “उन्हाळा काढतील असं वाटत नाही.”

मी बाहेर आलो. मामा बाकावर बसले होते, शेजारच्या बाईच्या लेकराला बोटांनी खेळवत होते. मी रिपोर्टाचं मोठं पाकीट त्यांच्याकडे दिलं. आतलं सगळं इंग्रजीत होतं.

“काय म्हनला डाक्टर?”

“काही नाही मामा. औषधं वेळेवर घेतली तर पाच वर्षं काही होत नाही.”

मामा हसायला लागले. हसताना खोकला आला, खोकता खोकता परत हसले. “मालक,” म्हणाले, “गिऱ्हाईक समजून राहिलाव का काय मला?”

मी त्यांची पिशवी उचलली.

“उन्हाळे सांगा,” ते म्हणाले. आता हसत नव्हते. “मला कामाचं हाय म्हनून इचारतो. सुजाताची शेवटची परीक्षा उन्हाळ्यात हाय. मला कळू तर द्या. एकच असंल, तर तिला आजच सांगतो. सगळं सोडून येईल, पर चार दिस माझ्याजवळ बसंल. दोन असतील, तर परीक्षा होऊ दे, मग सांगतो. आत्ता कळलं तर तिथं ती एक दिस टिकायची न्हाई, मी वळखतो तिला. खरं काय ते सांगा.”

“दोन,” मी म्हटलं.

का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दया आली असं म्हणायला बरं वाटतं, पण दया मला तेव्हा आली नव्हती. मला काहीच येत नव्हतं. समोर माणूस होता, त्यानं किती टिकेल असं विचारलं, आणि इतकी वर्षं जे माझ्या जिभेला वळण लागलं होतं त्यानं आपलं काम केलं. पाच चाललं नाही, तर दोन. एवढंच. फक्त या वेळी मी आकडा त्यांच्या भाषेत सांगितला होता. म्हणून त्यांनी तो खरा मानला.

तरी त्यांनी विचारलंच. “कुठं उभी राहिली तर दोन?”

“सावलीत,” मी म्हटलं. “रंग नाही, धूळ नाही, ऊन नाही. घरी बसायचं.”

“बरं,” म्हणाले. खिशातून पिवळं पेन काढलं आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, दोन उभ्या रेघा मारल्या. मग पाकीट घडी न पडता पिशवीत ठेवलं. परतीच्या रस्त्यावर आम्ही एके ठिकाणी उसाचा रस प्यालो. त्यांनी बर्फ नको म्हणून सांगितलं.

घरी ते बसले नाहीत. रोज दुकानात यायचे आणि पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायचे. मी रागावलो की म्हणायचे, “सावलीतच तर उभी केलीय गाडी.” काम करू नका म्हटलं तर बसल्या बसल्या मखमलीच्या घड्या घालायचे. गिऱ्हाइकांना मात्र उन्हाळे सांगणं चालूच होतं, आवाज तेवढा बारीक झाला होता. मी बोर्ड काढून टाकला होता. त्याबद्दल त्यांनी एकदा विचारलं. “कुठं गेला बोर्ड?” मी म्हटलं, रंग गेला होता. “मारून दिला असता की,” म्हणाले.

सुजाताचा फोन दुपारी जेवणाच्या वेळेला यायचा. मामा फोन घ्यायच्या आधी पाण्याचा घोट घ्यायचे, घसा साफ करायचे, मग बोलायचे. “कफ हाय जरा. हाव, घेऊन राहिलो औषध. तू पेपराचं बघ.” मी शेजारी उभा असायचो. तिचा नंबर माझ्याही फोनमध्ये होता. दोनदा मी तो काढून बघितला. एकदा बाहेर रस्त्यापर्यंत गेलो, लिंबाखाली उभा राहिलो आणि परत आलो. मला वाटायचं, आज नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मामांचा चेहरा जरा बरा वाटायचा. मग वाटायचं, डॉक्टर तरी कुठे देव आहेत.

चैत्रात मामा भीमजयंतीच्या मिरवणुकीला गेले. कोणी नको म्हटलं तरी ऐकलं नसतं. पांढरा शर्ट, निळा फेटा. भर दुपारी गेले आणि दुकानांच्या पत्र्यांखालच्या सावलीनं सावलीनं चालले, असं त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. “न्हाई तर एक रेघ कमी व्हायची,” म्हणाले. त्यानंतर ते दुकानात फार आले नाहीत. शेजारची एक बाई डबा द्यायची. मी सकाळी जाऊन बसायचो. खाटेच्या उशाला पाकीट असायचं. आम्ही त्याबद्दल बोलायचो नाही. परीक्षेला किती दिवस राहिले एवढंच ते मोजायचे आणि मला सांगायचे.

वैशाखातल्या एका दुपारी मी एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर कोटिंग लावत होतो. हे काम थांबवता येत नाही. एकदा थर लावला की काही मिनिटांत तो पुसावा लागतो. आमच्या उन्हाळ्यात तर त्याहून लवकर. नाहीतर तो तिथंच घट्ट होऊन बसतो आणि डाग कायमचा राहतो. अर्धं बॉनेट लावून झालं होतं. फोन वाजला. शेजारची बाई होती. “मामा गेले,” एवढंच बोलली. मी बरं म्हटलं. फोन खिशात ठेवला. मखमल उचलली आणि अर्धं बॉनेट पुसलं. एका बाजूनं तिरकं वाकून, उजेडात बघून, कुठं राहिलं नाही ना हे तपासलं. मग हात धुतले. मगच निघालो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सुजाताला मी फोन लावला. तिचा पेपर सुरू होता, फोन बंद. संध्याकाळी ती बसमधून उतरली तेव्हा तिच्या अंगावर अॅप्रन तसाच होता. तिला कोणी सांगितलं असेल ते असेल, मी तिच्याशी बोललो नाही. ती बापाशेजारी बसली, त्यांची नाडी जिथं बघतात तिथं मनगट धरलं आणि धरून राहिली. रडणाऱ्या बाया होत्या, त्यांच्यात तिचा आवाज नव्हता. मी भिंतीला टेकून उभा होतो. लोक माझ्याशी बोलत होते, मालक तुम्ही लई केलं म्हणत होते. माझ्यावर काही बसत नव्हतं. सगळं ओघळून खाली जात होतं. मला रडू आलं नाही. आजपर्यंत आलेलं नाही.

आठवडाभरानं मामांच्या नावानं पुण्यानुमोदनाची वंदना झाली, लोक जेवून गेले. मी निघणार तेवढ्यात सुजाता पाकीट घेऊन बाहेर आली. तिनं ते उलटं धरलं होतं.

“काका, या दोन रेघा पप्पांनी मारल्या?”

“हो.”

“तुम्ही सांगितलं म्हणून?”

“हो.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

मी सांगितलं. डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द न बदलता. तेव्हा मला ते सगळं इतकं नीट पाठ कसं आहे याचं नवल वाटलं. ती ऐकत होती. वॉर्डात ऐकत असेल तशी, मधे न बोलता. मग तिनं पाकिटातून रिपोर्ट काढला आणि परत आत ठेवला.

“मी हा काल वाचला,” म्हणाली. “वाचायला पाच मिनिटं लागली. मला एकदा कोणी दाखवला असता तर.” ती थांबली. मला वाटलं, आता रागावेल. ओरडेल, चार शिव्या देईल. मी त्याची वाट बघत होतो, द्याव्यात असं मला वाटत होतं. तिचा आवाज मात्र चढला नाही.

“पेपर परत देता आला असता, काका.”

  ती आत जायला वळली, परत आली आणि पाकिटातला रिपोर्ट काढून घेऊन रिकामं पाकीट माझ्या हातात दिलं. “हे तुमच्याकडं ठेवा. मला नको.”

ती पास झाली. किनवटच्या दवाखान्यात लागली, असं मला दुसऱ्याकडून कळलं. तिचा फोन येत नाही आणि मी करत नाही. दुकान चालू आहे. गिऱ्हाईक विचारतं, किती टिकतं, आणि मी आधी विचारतो, गाडी कुठं उभी राहते. जेवढे वाटतात तेवढेच उन्हाळे सांगतो. पुढच्या चौकातला अजून सात सांगतो, त्याच्याकडे गर्दीही जास्त असते. असू दे.

त्या वैशाखानंतर मृग लागला तेव्हा मी माझी गाडी दुकानात घेतली. मामा करायचे तसा बॉनेटवर पाण्याचा मग ओतला. पाणी थेंब थेंब होऊन पळालं, काही थेंब उगाच थांबले आणि मग तेही गेले. झाकण उघडून पिवळ्या पेननं एक रेघ आडवी खोडली. मग ड्रॉवर उघडला. तिथं पूर्वी गॅरंटी कार्डं असायची, आता ते पाकीट असतं. मी ते बाहेर काढलं, पेन हातातच होतं. मामांचा नियम होता, उन्हाळा निघाल्याशिवाय रेघ खोडायची नाही. पाकिटावरच्या दोनातली एकही खोडता येत नव्हती.